नावातला काना आणि मात्रा : प्रोग्रॅमिंगच्या भाषांनी देवनागरी नावांचं काय केलं

(पिंप्राळा येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. वक्त्यांनी फळ्यावर लिहिलेली रोमन अक्षरे व संकेतांक येथे देवनागरीत दिले आहेत. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



विषयाचं नाव ऐकून काही जण दारातूनच परत गेले असतील, त्यांचा दोष नाही. ‘लेक्सिकल स्कॅनर’, ‘युनिकोड एस्केप’ हे शब्द ऐकले की हा कॉलेजच्या वर्गातला विषय वाटतो. पण मी आज इतिहास सांगणार आहे, आणि तो आपल्या नावांचा इतिहास आहे. म्हणून सुरुवात याच गावाच्या नावानं करू.

जळगावात पिंप्राळा म्हटलं की आषाढी एकादशीचा रथ डोळ्यांसमोर येतो. पण कॉम्प्युटरला रथ दिसत नाही. त्याला हे नाव कसं दिसतं? मी फळ्यावर फोड करतो. प, पहिली वेलांटी, अनुस्वार, प, हलन्त म्हणजे पाय मोडण्याची खूण, र, काना, ळ, काना. मोजा. नऊ. आपण तोंडानं तीनच अक्षरं म्हणतो, पिं-प्रा-ळा. यंत्राच्या लेखी नऊ चिन्हं आहेत, आणि प्रत्येकाला एक क्रमांक आहे. ‘प’ म्हणजे ०९२ए, वेलांटी ०९३एफ, अनुस्वार ०९०२, असं. हे आकडे सोळाच्या पाढ्यातले आहेत, नवाच्या पुढे ए ते एफ अशी आणखी सहा चिन्हं येतात. एवढं लक्षात ठेवलंत तरी आजचं भाषण कळेल.

आता प्रश्न असा, की हे नाव प्रोग्रॅममध्ये वापरता येईल का? म्हणजे पडद्यावर दाखवायला नव्हे. ते तर केव्हापासून जमतं. एखाद्या रकमेला, एखाद्या खात्याला, एखाद्या कामाला प्रोग्रॅमच्या आत नाव द्यायचं असतं, त्याला आयडेंटिफायर म्हणतात. तिथे ‘पिंप्राळा’ चालेल का? या साध्या प्रश्नाचं उत्तर गेल्या तीस वर्षांत चार-पाच वेळा बदललं आहे. ते कसं बदललं, कोणी बदललं, आणि त्यात आपल्या काना-मात्रेचं काय झालं, तेवढंच सांगायचं आहे.

स्कॅनर म्हणजे काय ते आधी सांगतो. आई सुपात धान्य घेऊन बसते. पाखडलं की फोलपट उडतं, खडे बाजूला निघतात, दाणे राहतात. कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत नेणारा कारागीर, त्याच्या दारात पहिलं काम हेच असतं. मोकळ्या जागा आणि शेरे फेकून द्यायचे, आणि उरलेल्यातून दाणे वेचायचे: हा आकडा, ही बेरजेची खूण, हे नाव. हे वेचणारा तो स्कॅनर. त्याला अर्थ कळत नाही. नाव कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं एवढंच त्यानं सांगायचं. पण त्यासाठी कोणतं चिन्ह ‘अक्षर’ आहे हे त्याला आधी कोणीतरी सांगावं लागतं. आजचा सगळा इतिहास या ‘कोणीतरी’चा आहे.

सुरुवातीला प्रश्न नव्हताच. १९५७ साली आयबीएमची फोरट्रान आली, तिच्यात नाव सहा अक्षरांच्या आत बसवावं लागे, कारण त्या यंत्राच्या एका शब्दात सहाच अक्षरं मावत. आपल्या गावाचं नाव रोमनमध्ये आठ अक्षरी होतं, म्हणजे ‘पिंप्रा’ लिहून थांबावं लागलं असतं. पुढे १९६३ मध्ये आस्की हा संकेत ठरला. एकूण १२८ जागा. त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे, खुणा. नियम सुटसुटीत झाला: पहिलं चिन्ह अक्षर हवं, पुढे अक्षर किंवा आकडा चालेल. ‘अक्षर’ म्हणजे इंग्रजीची सव्वीस, लहान आणि मोठी. यात कोणाचा कट नव्हता. ज्यांनी घर बांधलं त्यांनी आपल्या उंचीचा दरवाजा केला.

आपल्याकडे दुसरा दरवाजा करण्याचं काम आयआयटी कानपूरला सुरू झालं, आणि तिथल्या मोहन तांबे यांचं नाव त्यात महत्त्वाचं आहे. जिस्ट या नावानं ओळखलं जाणारं ते तंत्र पुढे पुण्यात आलं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं, डॉ. विजय भटकर त्याचे प्रमुख. परम महासंगणकामुळे सी-डॅक घराघरात पोचलं, पण माझ्या मते आपल्या रोजच्या जगण्याला जास्त भिडलं ते जिस्टचं काम. त्यातूनच इस्की हा भारतीय लिप्यांचा संकेत आला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून नोंदला गेला, आय.एस. १३१९४. कल्पना फार शहाणपणाची होती: खालच्या १२८ जागा इंग्रजीला तशाच ठेवायच्या, वरच्या १२८ मध्ये आपली लिपी बसवायची. शिवाय देवनागरी, गुजराती, बंगाली, तमिळ सगळ्यांना एकच मांडणी. कारण वर्णमाला मुळात एकच आहे.

इस्कीमध्ये ‘क’चा क्रमांक १७९. आता इथे स्कॅनर लिहिणाऱ्याची पहिली फजिती बघा. सी भाषेत एक अक्षर एका बाइटमध्ये ठेवतात, आणि पुष्कळ यंत्रांवर तो बाइट धन-ऋण मोजला जातो. मग १७९ हा १७९ राहत नाही, तो उणे ७७ होतो. स्कॅनर एका तक्त्यात बघतो की हे अक्षर आहे का, आणि उणे सत्त्याहत्तराव्या घरात डोकावतो. तक्त्याला तसं घरच नाही! कधी प्रोग्रॅम चाले, कधी कोसळे. म्हणजे ‘क’ अक्षर आहे की नाही याचं उत्तर शेजारच्या मेमरीत काय पडलंय त्यावर ठरायचं. थोडक्यात, इस्कीमुळे मराठी मजकूर कॉम्प्युटरवर आला, पण प्रोग्रॅमच्या आतल्या नावांपर्यंत तो सहज पोचला नाही.

त्याच १९९१ सालच्या ऑक्टोबरात युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यात देवनागरीची मांडणी जवळजवळ इस्कीचीच, १९८८ च्या मसुद्यावरून घेतलेली. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, युनिकोड परदेशातून आलं हे खरं, पण त्यातल्या देवनागरीच्या ओळींचा क्रम आपल्याकडे ठरला होता.

मग १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सनं जावा जाहीर केली आणि १९९६ च्या सुरुवातीला ती लोकांच्या हाती दिली. जेम्स गॉसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक धाडसी गोष्ट ठरवली: जावाचा प्रोग्रॅम हा आस्कीत नव्हे, युनिकोडमध्ये लिहिलेला मानायचा. नावात जगातली कोणतीही लिपी चालेल. पण त्या वेळचे एडिटर, मेलचे प्रोग्रॅम, छापण्याची यंत्रं, सगळी आस्कीवाली. ‘पिंप्राळा’ लिहायचं कशानं?

त्यावर जी युक्ती काढली ती एस्केप. उलटी तिरपी रेघ, तिला बॅकस्लॅश म्हणतात, तिच्यापुढे यू, आणि पुढे चार आकडी क्रमांक. ‘प’च्या जागी \यू०९२ए असं लिहायचं. आपल्या नावातली नऊ चिन्हं, प्रत्येकी सहा, म्हणजे चोपन्न इंग्रजी चिन्हांची एक आगगाडी. वाचवत नाही, पण कोणत्याही आस्की रस्त्यानं ती सुखरूप जाते, आणि पलीकडे पुन्हा ‘पिंप्राळा’ होते. काना-मात्रेचा फरक न पडता.

यात एक बारीक गंमत आहे, जी मला फार आवडते. समजा मी मुळातच एके ठिकाणी एस्केप लिहिली होती, आणि दुसऱ्या ठिकाणी खरं ‘प’ अक्षर. सगळी फाइल आस्कीत नेली तर दोन्ही सारखेच दिसतील. परत आणताना कळणार कसं, की मूळचं कोणतं? जावानं सांगितलं, यू कितीही वेळा लिहा. मूळची एस्केप असेल तर तिच्यात एक यू वाढवायचा, \यूयू०९२ए. परत येताना एक यू कमी करायचा. नाक्यावर पावतीवर शिक्का मारतात ना, तसं. किती नाके ओलांडले ते शिक्क्यांवरून कळतं. या कामासाठी जावाबरोबर एक छोटं हत्यारही मिळायचं, ते २०१७ च्या नवव्या आवृत्तीत काढून टाकलं. गरज उरली नाही.

पण जावानं एक निर्णय असा घेतला, ज्याचा त्रास आजही होतो. एस्केपचं अक्षर कधी करायचं? त्यांनी ठरवलं, सगळ्यात आधी. पाखडण्याच्याही आधी. म्हणजे शेरा असो, अवतरणातला मजकूर असो, नाव असो, बॅकस्लॅश-यू दिसला की आधी त्याचं रूपांतर. याचा परिणाम बघा. शेऱ्यात कोणी \यू०००ए लिहिलं, तर तो नव्या ओळीचा क्रमांक आहे. ओळ तिथेच तुटते, आणि शेऱ्याचा उरलेला भाग प्रोग्रॅम म्हणून चालू लागतो! किंवा कोणी शेऱ्यात फोल्डरचा पत्ता लिहितो, ज्यात बॅकस्लॅशनंतर यूवरून सुरू होणारं नाव आहे. कंपायलर म्हणतो, ही एस्केप चुकीची आहे. बिचारा विद्यार्थी म्हणतो, अहो तो नुसता शेरा आहे! पण स्कॅनरला अजून शेरा कुठे सुरू झाला तेही माहीत नसतं.

जावास्क्रिप्टनं १९९९ च्या तिसऱ्या आवृत्तीत नावांमध्ये एस्केपला परवानगी दिली, पण शहाणपण दाखवलं. आधी नाव वेचायला लागायचं, त्यात एस्केप आली तरच ती उघडायची, आणि उघडल्यावर जे निघेल ते नावात चालणारं अक्षरच असलं पाहिजे. एस्केपच्या पोटातून कंस किंवा ओळ बाहेर काढता येत नाही. दोन्हींत लिहायची पद्धत एकच, पण उघडायची वेळ वेगळी. स्कॅनर लिहिणाऱ्यानं पहिला धडा इथे घ्यावा.

आता मुख्य कथेकडे येतो. ती सी आणि सी प्लस प्लस या दोन भावांची आहे.

१९९८ मध्ये सी प्लस प्लसचं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक आलं. त्यात नावांमध्ये इंग्रजीबाहेरची अक्षरं चालतील असं म्हटलं होतं, आणि शेवटी परिशिष्टात कोणती चालतील त्याची यादी दिली होती. देवनागरीपुढे काय होतं? ०९०५ ते ०९३९, आणि ०९५८ ते ०९६२. भाषांतर करून सांगतो. पहिला पट्टा म्हणजे ‘अ’पासून ‘ह’पर्यंतची स्वर आणि व्यंजनं. दुसऱ्यात नुक्तेवाली अक्षरं आणि दोन-तीन संस्कृतातली. ‘ळ’ पहिल्या पट्ट्यात येतो, आनंद आहे. पण काना? तो ०९३ई वर आहे. यादीत नाही. वेलांटी नाही, उकार नाही, मात्रा नाही. अनुस्वार नाही. हलन्त नाही, म्हणजे एकही जोडाक्षर नाही.

मंडळी, लहानपणची बाराखडी म्हणा. क, का, कि, की, कु, कू, के, कै, को, कौ, कं, कः. बारापैकी पहिलं एकच कायदेशीर, अकरा बेकायदा.

म्हणजे या नियमानं ‘वजन’ हे नाव चाले, ‘भाव’ चालत नसे. ‘दर’ चाले, ‘रक्कम’ नाही. ‘घर’ चाले, ‘शेत’ नाही. ‘कमळ’ चाले, ‘केळी’ नाही. आपल्या जळगावात बसून केळीचा हिशेब करणाऱ्यानं काय करायचं? आणि ‘पिंप्राळा’? नऊपैकी पाच चिन्हं गळतात. उरतं ‘पपरळ’.

‘ध’चा ‘मा’ केला ही गोष्ट आपल्याला माहीत आहे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि आख्यायिका अशी की ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं गेलं. ते खरं की खोटं याचा वाद इतिहासकारांवर सोडू. पण ती गोष्ट टिकली कशामुळे? एका अक्षरानं माणसाचा जीव जातो, हे आपल्या लोकांना पटतं म्हणून. आणि ‘मा’मध्ये काना आहे. १९९८ च्या यादीला ‘ध’ चालला असता, ‘मा’ चाललाच नसता.

हे झालं कसं? कोणी मुद्दाम केलं का? नाही. त्या परिशिष्टातच नोंद आहे की ही यादी एका आंतरराष्ट्रीय तांत्रिक अहवालाच्या मसुद्यातून जशीच्या तशी घेतली आहे. मसुदा करणाऱ्यांच्या मनात ‘अक्षर’ म्हणजे सुटं उभं राहणारं चिन्ह. युरोपातल्या लिपीत तसंच असतं. स्वर वेगळा, व्यंजन वेगळं, दोन्ही एका रांगेत. आपल्याकडे स्वर व्यंजनाला चिकटतो. त्यांना काना हा अक्षरावरचा दागिना वाटला, काढला तरी अक्षर उरतं असा. आपल्याला ठाऊक आहे, काना काढला की ‘काम’चं ‘कम’ होतं.

पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, सी भाषेचं नवं मानक आलं. त्यांनीही त्याच अहवालातून यादी घेतली, पण पक्क्या झालेल्या प्रतीतून. त्यात ०९०१ ते ०९०३ आहे, म्हणजे चंद्रबिंदू, अनुस्वार, विसर्ग. ०९३ई ते ०९४डी आहे, म्हणजे काना ते हलन्त, सगळं. देवनागरी आकडेही आहेत. ‘पिंप्राळा’ बिनतक्रार. मसुदा आणि पक्की प्रत, एवढाच फरक. धाकट्या भावानं घाई केली, थोरल्यानं वर्षभर थांबून शहाणपण केलं. आणि सी प्लस प्लसला ही चूक मानकात दुरुस्त करायला २०११ उजाडलं. तेरा वर्षं!

कागदावर परवानगी मिळाली म्हणून हातात मिळाली असंही नाही. जीसीसी हा मोफत कंपायलर आपल्या बहुतेक कॉलेजांत वापरतात. त्यात २०१५ च्या पाचव्या आवृत्तीपासून एस्केप लिहिलेली नावं आपोआप चालू लागली. सरळ मराठी अक्षरं टाइप करून नाव लिहायची सोय २०२० च्या दहाव्या आवृत्तीत आली. इतर काही कंपायलरनी ती आधी दिली होती, पण जीसीसीवाल्यांना २०२० पर्यंत नावात मराठी हवी तर बॅकस्लॅशची आगगाडीच काय ती वाट होती. म्हणून मी एस्केपला हसत नाही. ती कुरूप आहे, पण मुख्य दार बंद होतं तेव्हा तिनं मागचं दार उघडं ठेवलं.

आता यादीचा प्रश्न सुटला म्हणावं, तर दुसरा उभा राहतो. एकच नाव दोन प्रकारे लिहिता येतं. हे दुखणं आपल्याला नवीन नाही. सातबारावर नाव एक, आधारवर जरा वेगळं, बँकेत तिसरं. माणूस एकच, पण कागदाला ते पटत नाही. कोणत्याही कार्यालयाचं नाव मी घेत नाही, प्रत्येकाच्या घरात एक तरी अशी फाइल असेल.

मराठीतली दोन उदाहरणं देतो.

पहिलं ‘ॲ’. ‘ॲप’, ‘ॲडव्हान्स’ मधला. युनिकोडमध्ये याला स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये मिळाला, ०९७२. तोपर्यंत लोक ‘अ’ लिहून त्यावर चंद्र ठेवत. दिसायला तंतोतंत सारखं. पण क्रमांक वेगळे, आणि युनिकोडनं या दोघांना समान मानलेलं नाही. जुन्या फाइलमध्ये ‘ॲडव्हान्स’ एका पद्धतीनं, नव्यात दुसऱ्या. स्कॅनरला दोन वेगळी नावं दिसतात. तुम्ही तासभर पडद्याकडे बघा, चूक दिसणारच नाही.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर. ‘आचार्य’ आणि ‘आचारी’. आचार्यास दक्षिणा द्यावी, आचाऱ्यास स्वयंपाकाचे पैसे. दोन्ही शब्द म्हणून बघा. पहिल्यात र अक्षरावर रफार म्हणून बसतो, दुसऱ्यात तो य ला आडवा चिकटतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. हा आडवा र मराठीत रोज लागतो, हिंदीत लागत नाही. युनिकोडमध्ये तो लिहायचे दोन मार्ग. एक, खाली टिंब असलेला वेगळा ‘ऱ’ वापरायचा. हा मार्ग इस्कीतून आला. दोन, साधा र, हलन्त, आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. हा मार्ग १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीतला, आणि जुन्या मजकुरात भरपूर सापडतो.

आता अदृश्य चिन्ह नावात चालावं का? जावा म्हणते, येऊ द्या, पण तुलना करताना त्याकडे दुर्लक्ष करा. म्हणजे दुसऱ्या मार्गानं लिहिलं तर जावाला आचारी आणि आचार्य एकच! जावास्क्रिप्ट म्हणते, येऊ द्या आणि मोजा. तिला दोघं वेगळे. पायथॉन म्हणते, येऊच देणार नाही, चूक दाखवते. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीत, डिसेंबर २००८ मध्ये, इंग्रजीबाहेरची नावं आली, त्यात सगळी नावं एका ठरावीक रूपात आणून मग तुलना करतात. एक सोपी गोष्ट मात्र सगळीकडे चालते: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरा. मग आचारी कुठेही आचार्य होत नाही.

इथे दोन वाक्यं मोडीबद्दल. आपल्या घराण्यांचे जुने कागद मोडीत आहेत. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ मध्ये, पण ती इतक्या लांब, की चार आकडी क्रमांक पुरत नाही. पहिलं अक्षर ११६००, पाच आकडी. म्हणून जावात एका मोडी अक्षराला दोन एस्केप जोडून लिहाव्या लागतात. सी मध्ये मोठा यू आणि आठ आकडे, आणि २०१५ पासून जावास्क्रिप्टमध्ये महिरपी कंसात हवे तेवढे आकडे. ज्या स्कॅनरनं ‘चारच आकडे असतात’ असं गृहीत धरलं, त्याला पेशवाईचा कागद वाचता येणार नाही.

वाटेल, हा सगळा जुना काळ झाला. नाही. गूगलची गो भाषा २००९ मध्ये जाहीर झाली, आज खूप वापरात आहे. तिचा नियम: नावात युनिकोडनं ज्याला ‘अक्षर’ किंवा ‘आकडा’ म्हटलं तेच चालेल. काना-मात्रा युनिकोडच्या वर्गवारीत ‘खुणा’ आहेत, अक्षरं नाहीत. म्हणजे पुन्हा ‘वजन’ चालतं, ‘भाव’ नाही. बाराखडीत पुन्हा एकच. त्यांच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत त्यांनी स्वतः कबूल केलं आहे की या नियमामुळे देवनागरीसारख्या लिप्या बाहेर राहतात. कबुलीचा मी आदर करतो. पण १९९८ ची चूक २००९ मध्ये पुन्हा होते, याचा अर्थ इतिहास कोणी वाचला नाही. त्यात एक भर: गोमध्ये दुसऱ्यांनी वापरायचं नाव मोठ्या लिपीतल्या अक्षरानं सुरू व्हावं लागतं. आपल्या लिपीत लहान-मोठं नाहीच. म्हणजे आपलं ‘वजन’ घरात चालेल, गावात नाही.

याउलट युनिकोडनं नावांसाठी एक वेगळी शिफारस केली आहे, परिशिष्ट ३१. तिच्यात प्रश्नच वेगळा विचारतात: हे चिन्ह नावाच्या सुरुवातीला येऊ शकतं का, आणि मध्ये येऊ शकतं का? काना सुरुवातीला नाही, मध्ये हो. बस. याच्यात कोणाला ‘अक्षर’ म्हणायचं हा वाद उरत नाही. पायथॉननं हे घेतलं, रस्टनं घेतलं, आणि २०२१ मध्ये सी प्लस प्लसच्या समितीनंही हेच स्वीकारलं.

शेवटी, इथे जे विद्यार्थी स्कॅनर लिहिणार आहेत त्यांच्यासाठी, इतिहासातून निघालेला क्रम सांगतो. माझ्या एका विद्यार्थ्यानं प्रकल्पात स्कॅनर लिहिला. त्यात एके ठिकाणी ‘भाव’ सरळ लिहिला, दुसरीकडे एस्केपनं. स्कॅनर म्हणाला, असं नावच नाही. कारण त्यानं एस्केप उघडलीच नव्हती, बॅकस्लॅशसकट वहीत उतरवली होती. तर क्रम असा. नाव वेचताना बॅकस्लॅश दिसला की पुढचे आकडे वाचून चिन्ह बनवा. ते चिन्ह त्या जागी चालतं का ते तपासा. उघडण्याआधी नव्हे, उघडल्यावर. वहीत चिन्ह लिहा, एस्केप नव्हे. नाव पूर्ण झालं की ठरावीक रूपात आणा. आणि मगच बघा की हा भाषेचा राखीव शब्द आहे का. मूळ लिहिलेलं मात्र बाजूला जपून ठेवा. कारण चूक दाखवताना बाण कुठे ठेवायचा? ‘पिंप्राळा’ डोळ्यांना तीन अक्षरं, युनिकोडला नऊ चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये सत्तावीस बाइट, एस्केपमध्ये चोपन्न. चारही हिशेब खरे आहेत. बाण मात्र माणसाला दिसतं तिथे लागला पाहिजे.

एवढं बोलून थांबतो. काही प्रश्न असतील तर विचारा.

एक श्रोता : सर, नोकरीत सगळे इंग्रजीच नावं लिहितात. मग मराठी नावांचा उपयोग काय?

वक्ते : खरं आहे, मीही कामात इंग्रजी लिहितो. दुसऱ्या देशातला माणूस ते वाचणार असेल तर तेच बरं. पण आठवीतल्या मुलाला पहिला प्रोग्रॅम शिकवताना ‘भाव गुणिले वजन’ असं त्याच्या भाषेत लिहिता आलं, तर तो गणिताकडे बघतो, स्पेलिंगकडे नाही. आणि आपल्या गोष्टींना इंग्रजी शब्द असतातच असं नाही. ‘आणेवारी’, ‘गुंठा’, ‘उतारा’ रोमनमध्ये लिहिले की चार जण चार स्पेलिंगं करतात. मराठीत लिहायचं की नाही ते तुम्ही ठरवा. ते ठरवायचा हक्क यादी करणाऱ्याच्या हातात जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

दुसरी श्रोती : दिसायला सारखी अक्षरं वापरून कोणी फसवू शकेल ना?

वक्ते : शकेल. आपल्याकडे हे छापखान्यांच्या काळापासून माहीत आहे. जुन्या वळणाचा ‘ख’ ‘रव’ असा वाचला जायचा, म्हणून त्याचे पाय जोडले. उपाय तोच आहे. अक्षरं बाहेर काढू नका, फरक दिसेल असं करा, आणि जिथे शंका असेल तिथे कंपायलरनं सूचना द्यावी.

तिसरा श्रोता : मराठी आकडे चालतात का?

वक्ते : नावाच्या मध्ये बहुतेक ठिकाणी चालतात, ‘शेत१’ असं. पण आकडेमोडीत नाही. पायथॉनला अवतरणात ‘१२’ देऊन ‘याची संख्या कर’ म्हटलं तर करते, पण प्रोग्रॅममध्ये उघडं १२ मराठीत लिहिलं तर चूक म्हणते. घरी जाऊन करून बघा. आणि त्याच्याबरोबर एका नावात ‘पिंप्राळा’ही लिहून बघा. चालतं की नाही ते पुढच्या महिन्यात मला सांगा.